मुकी मोटर

"गिअर! अरे, गिअर खाली घे! आधी गिअर, मग पूल!"

शनिवारची सकाळ होती. केंब्रिजमध्ये रेल्वेवरून सायकलींसाठी जो पूल जातो त्यावर मी मोटर लावलेल्या सायकलीवरून चढत होतो, आणि माझ्यामागून हातात पाना उगारून एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ ओरडत पळत येत होते. समोरून येणाऱ्या इंग्रज मंडळींनी सभ्यपणे बाजूला होऊन वाट दिली. कुणी कुणाचा पाना घेऊन पाठलाग करत असेल तर तो त्यांचा घरगुती मामला समजावा, असं त्यांना लहानपणीच शिकवत असावेत. मी गडबडून गिअर खाली घ्यायच्या ऐवजी वर टाकला. मोटरनं अंगातली होती नव्हती ती सगळी ताकद लावली, साखळी फाडकन तुटली, आणि मी कठड्याला घोरपडीसारखा चिकटलो. गृहस्थ धापा टाकत पोचले. माझं ढोपर फुटलंय का, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तुटलेली कडी उचलून उन्हात धरली आणि हळव्या आवाजात म्हणाले, "काय देखणी तुटलीय बघ."

हे आमचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चढावर इतकं निस्सीम प्रेम करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि त्याला नोकरी मिळाली ती नेमकी पोळपाटासारख्या सपाट केंब्रिजात. साताऱ्यात वाढलेला माणूस. सकाळी उठून दोन डोंगर पाहिल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नसे, त्याच्या वाट्याला अख्ख्या गावात एकच चढ आला, तो म्हणजे हा पूल. त्याला ते 'आपला खंबाटकी' म्हणतात. भारतातून पाहुणे आले की त्यांना कॉलेजं बघायची असतात, नदीत होडीतून फिरायचं असतं. साडू आधी त्यांना पुलावर नेतात, मध्यावर उभं करतात आणि विचारतात, "जाणवतोय का चढ?" पाहुणे जाणवतोय म्हणतात. न म्हणून करतील काय? परतीची वाट साडूंनाच माहीत असते.

दिवसा ते एका कंपनीत मोजमापाची यंत्रं बनवतात. उरलेलं आयुष्य मागच्या बागेतल्या शेडमध्ये. तिथे ते साध्या सायकलींना मोटर बसवतात. पण कुठलीही मोटर नव्हे. चाकात बसते ती मोटर साडूंच्या लेखी मोटरच नाही. "ती मागून ढकलते रे. लग्नात नवरदेवाला मित्र ढकलतात तशी. माणसाचा त्यात काय पुरुषार्थ?" त्यांची मोटर दोन पेडलांच्या मधोमध बसते. तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. तुम्ही पाय माराल तेवढ्याच प्रमाणात ती जोर लावणार, आणि तोही तुमच्याच साखळीतून, तुमच्याच गिअरमधून. "पाय तुमचेच," हे साडूंचं ब्रह्मवाक्य. माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केलेली आहे. काही माणसं चाकातली, काही मधली. त्यांचे साहेब चाकातले. सासूबाई मधल्या. मी चाकातला, हे त्यांनी मला माझ्या लग्नाच्या पंगतीतच सांगितलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला विलायतेला यावं लागलं.

विकत आणलेली मोटर आहे तशी बसवणं साडूंना बाजारच्या पुरणपोळ्या ताटात वाढण्यासारखं वाटतं. पार्सल आलं की आधी ती उघडायची. आतलं लोखंडी दातेरी चाक काढून नायलॉनचं घालायचं, जुनं ग्रीस पुसून स्वतःचं भरायचं, मग लॅपटॉप जोडून पायाला किती जोर लागला की मोटरनं किती हात द्यायचा, हे तिला शिकवत बसायचं. एखादा भाग घट्ट बसवायचा असेल तर बाहेरचं कवच ओव्हनमध्ये तापवतात आणि आतला दांडा फ्रीजरमध्ये गारठवतात, म्हणजे तो अलगद आत जातो. एका दिवाळीत मी त्यांच्या फ्रीजरमधून फॉइलमध्ये गुंडाळलेली कुल्फी काढली आणि आनंदानं चावा घेतला. माझी एक दाढ अजूनही हवामानाचा अंदाज सांगते. साडू धावत आले ते दांडा तपासायला. "बरं झालं, दात उमटले नाहीत," म्हणाले.

मोटर बसवायची तर पेडलांच्या मधून जाणारी आडवी नळी किती रुंद आहे ते कळावं लागतं, आणि जुन्या इंग्रजी सायकलींच्या नळ्या इंग्रजांसारख्याच असतात, मनात काय आहे ते वरून दाखवत नाहीत. त्यामुळे कुठे जुनी सायकल दिसली की साडूंच्या खिशातून व्हर्निअर कॅलिपर बाहेर येतोच. एकदा स्टेशनाबाहेरच्या सायकलतळावर ते चक्क जमिनीवर उताणे पडून दुसऱ्याच्या सायकलीचं माप घेत होते. तेवढ्यात सायकलीची मालकीण आली, सत्तरीची, हातात फुलकोबी. खाली माणूस पाहून तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" साडू खालूनच म्हणाले, "अडुसष्ट मिलिमीटर. मला वाटलंच होतं." पुढच्या आठवड्यात ती बाई शेडमध्ये बसून चिवडा खात होती आणि तिच्या सायकलीला मोटर लागत होती.

कायद्याच्या बाबतीत मात्र साडू कायद्याहून कडक. इथल्या नियमानं मोटर एका वेगाच्या पुढे साथ देत नाही. पुण्याहून व्हिसावर आलेला एक सॉफ्टवेअरवाला मुलगा त्यांच्याकडे आला. "काका, ते लिमिट तेवढं काढून द्या ना. कुणाला कळतंय?" साडू म्हणाले, "ठेवून जा." त्याला पोहे खायला घातले आणि लिमिट होतं त्याहून खाली आणून सायकल परत दिली. महिनाभर तो मुलगा सांगत होता, "काय पळते राव आता."

तेव्हापासून साडूंची अशी पक्की समजूत झाली की आपण मोटरला काय शिकवलंय ते बसणाऱ्याला कधीच कळत नाही.

आता ताईविषयी सांगायला हवं. ताई म्हणजे साडूंची बायको. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात ती भूल देणारी डॉक्टर आहे. हिरव्या रंगाच्या एका जुनाट सायकलीवरून ती वर्षानुवर्षं, पावसात, बर्फात आणि केंब्रिजच्या त्या जगप्रसिद्ध समोरून येणाऱ्या वाऱ्यात, कायम एकाच गिअरमध्ये, सगळ्यात वरच्या, कामावर जायची. साडूंच्या मोटरविद्येबद्दल तिचं मत जाहीर होतं. "मोटरची सायकल म्हणजे भाड्यानं आणलेले वऱ्हाडी. ज्या दिवशी माझ्या सायकलीला ते लावाल, त्या दिवशी मी सायकलवरून उतरले समजा." साडू हे ऐकून घ्यायचे. अख्ख्या गावाला मोटर लावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात एक बिनमोटरची सायकल दिमाखात उभी होती.

मग गेल्या हिवाळ्यात ताईला न्यूमोनिया झाला. साधासुधा नाही. दुसऱ्यांना भूल देणाऱ्या ताईलाच तिच्या हॉस्पिटलनं बरेच दिवस निजवून ठेवलं. ती घरी आली तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या चढून खुर्ची मागायची. पुढे बरी झाली, रंग परतला, मला टोमणे मारू लागली, तेव्हा आम्ही म्हटलं, आता धोका टळला. कामावर रुजू व्हायच्या आधी एका सकाळी ती सायकल घेऊन बाहेर पडली आणि थोड्याच वेळात सायकल हातात धरून चालत परत आली. पुलाच्या मध्यावर श्वास संपला होता. तिनं सायकल शेडला टेकवली आणि म्हणाली, "ही कुणाला तरी देऊन टाका."

टोमणा नाही, आवाज चढलेला नाही. साडूंनी मला फोन केला तेव्हा ते शेडमध्ये अंधारात उभे होते. "देऊन टाका म्हणाली रे," एवढंच तीनदा म्हणाले. ताई आजारी असताना हा माणूस कधी डगमगला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज ऐकून मी जेवण टाकून निघालो.

मी पोचेपर्यंत त्यांचा बेत ठरला होता. ताईच्या सायकलीला मोटर लावायची आणि ताईला ती कळू द्यायची नाही. पायात आपलं बळ परत येतंय, असंच तिला वाटलं पाहिजे. मग ती खरंच सावरली की दर रविवारी मोटरचा जोर एकेक पायरी कमी करत शून्यावर आणायचा. "पाय तिचेच," ते म्हणाले. "मी फक्त थोडे दिवस हात लावतो."

मी म्हटलं, "साडूबुवा, मोटर सोललेल्या नारळाएवढी आहे. ती पेडलांखाली लोंबणार. ताई भूलतज्ज्ञ आहे, आंधळी नाही."

"त्याची सोय केलीय," साडू म्हणाले.

सोय म्हणजे जुन्या रेनकोटाचं एक काळं झबलं. ते मोटरला घातलं आणि ताईला सांगितलं, की सायकल देऊन टाकायची तर टाकू, पण आधी एकदा वापरून बघ, चिखल उडू नये म्हणून खाली नवीन मडगार्ड लावलंय. असं मडगार्ड मी म्हशीच्या पोटाखालीसुद्धा पाहिलेलं नाही. बॅटरी डब्याच्या पिशवीत तळाशी, वर ताईचा डबा. रात्री ताई झोपली की साडू बॅटरी चार्ज करत. खरा कस लागला तो आवाजात. मोटर गुणगुणली की संपलं. तेव्हा साडूंनी आयुष्यातलं सगळं ग्रीस आणि सगळं नायलॉन पणाला लावून ती मोटर मुकी केली. "केंब्रिजमधली सगळ्यात मुकी मोटर," ते मला म्हणाले. असा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या मुलीच्या पदवीदानालाही पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं पुलावर आधीच जाऊन, आगगाड्या बघतोय असं दाखवत उभे राहिलो. साडूंनी कानटोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती. ताई आली. अर्थातच सगळ्यात वरच्या गिअरमध्ये. साडूंच्या घशात 'गिअर खाली' तयार होतं, ते बाहेर पडू नये म्हणून त्यांनी मफलरचं टोक तोंडात कोंबलं. चढ सुरू झाला. ताईचा वेग उतरला. मध्याजवळ, जिथे ती त्या दिवशी उतरली होती तिथे, तिचा एक पाय पेडलवरून सुटल्यासारखा वाटला. साडूंनी माझा दंड असा आवळला की पुढे आठवडाभर मी डाव्या हातानं जेवलो. मग पाय परत पेडलवर आला. हिरवी सायकल सावकाश, मान ताठ ठेवून, माथ्यावर पोचली आणि पलीकडे उतरली. जाता जाता तिनं घंटी वाजवली. कुणासाठी, कोण जाणे. पुलावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

साडू मफलर तोंडात असतानाच हसू लागले. मग मफलर काढून त्यांनी मला विचारलं, "आवाज आला का रे?"

आता खरं सांगतो. आवाज येत होता. पितळेच्या तांब्यात भुंगा अडकावा, तसा. साडूंच्या कानांवर टोपी होती.

"कसला आवाज?" मी म्हटलं.

वसंत आला, नदीकाठी डॅफोडिल्स फुलून गेले. दर रविवारी ताई आंघोळीला गेली की साडू लॅपटॉप जोडून एकेक पायरी उतरवत राहिले. मध्ये एकदा वाऱ्याचा आठवडा आला, तेव्हा घाबरून एक पायरी परत चढवली. ताईच्या गालांवर रक्त दिसू लागलं. ती वाटेत ब्रेड घेऊन येऊ लागली, मग ब्रेडबरोबर तांदळाची पिशवी. मोटर शून्यावर आली त्या आठवड्यात ताई पुलावरून मला मागे टाकून गेली, आणि माझ्या सायकलीची मोटर चालू होती.

त्यानंतर साडूंनी मोटर उतरवली. गप्प राहिले असते तर काही बिघडलं नसतं. पण ज्या माणसानं पुण्याच्या मुलाचंसुद्धा लिमिट काढलं नाही, तो बायकोपासून मोटर किती दिवस लपवणार? एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ताई ओट्याशी मेथी निवडत होती. साडू झबल्यासकट मोटर घेऊन आत आले आणि ती टेबलावर ठेवून, शाळेत उभं राहावं तसे उभे राहिले.

"ही तुझ्या सायकलीला होती," ते म्हणाले. "आता नाही. पूल तू एकटी चढतेस."

ताईनं मेथीची काडी मोडली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळं. रोज सकाळी दाराच्या पायरीवरून सायकल मीच उतरवते ना? एका रात्रीत तिचं वजन वाढलं. पंचवीस वर्षांत मडगार्डानं सायकल एवढी जड झालेली मी पाहिली नाही."

"आणि दर रविवारी मी..."

"कमी करत होतात. हळूहळू कमी करणं हाच माझा धंदा आहे. वाऱ्याच्या आठवड्यात परत वाढवलंत, तेही कळलं. बरं केलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मफलर तोंडात घालून उभे होतात," ताई म्हणाली. "बोलणार काय?"

साडू खुर्चीवर बसले. त्यांनी मोटरवरून बोट फिरवलं. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढं लहान तोंड मी पाहिलं नव्हतं. ती मोटर आता शेडच्या फळीवर आहे, झबलं घालूनच, आणि साडू ती कुणाला देत नाहीत. माझ्यासारख्या चाकातल्या माणसाला तर नाहीच. त्या रविवारी मात्र त्यांनी टेबलाशी बसल्या बसल्या मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, "पण खरं सांग, आवाज येत होता का?"

ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मेथीच्या जुडीकडे पाहू लागलो.

"नाही," ताई म्हणाली. "मला तरी नाही आला."