लुपेची रॅकेट आणि माझा पाय

रोसाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. रोसा म्हणजे लुपेची भाची, टेक्ससला असते; मावशीला ती 'तिया' म्हणते. "आंटी, तिया लुपे गेली. झोपेतच गेली," ती म्हणाली. मी "हो का गं" म्हटलं, फोन ठेवला आणि दुसरी जुडी सोडली. सगळी पानं खुडून झाल्यावर मला रडू आलं. या वयात हात आधी चालतात, बाकीचं शरीर मागून येतं. लुपे असती तर म्हणाली असती, "कोमाद्रे, तुझं पहिल्यापासून हेच. चेंडू निघून जातो, मग तू धावतेस." कोमाद्रे म्हणजे त्यांच्याकडे जिवाभावाची मैत्रीण. मला असं म्हणणारं आता कोणी उरलं नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत ॲन आर्बरला नवीन होतो. हे मोटारींच्या कंपनीत, मुलगी शाळेत, आणि मी भूगोलाची एम.ए. असून बसचा रस्ता चुकणारी गृहिणी. गावच्या पार्कात बायकांसाठी टेनिसचा क्लास निघाला, तशी मी नाव घातलं. खेळाची आवड वगैरे काही नव्हती. मिरजेच्या जाऊबाईंना हातात रॅकेट घेतलेला फोटो पाठवायचा होता. त्यांनी फ्रिज घेतला होता ना! तर ही भावी खेळाडू पहिल्या दिवशी सलवार-कमीज, वर कार्डिगन, पायात ह्यांचे लोकरी मोजे आणि डोक्याला चपचपीत तेल अशा थाटात कोर्टावर उतरली. पहिलाच चेंडू आला, रॅकेट हातातून सुटली आणि तिला माझा पाय लागला. मी सवयीनं वाकले, रॅकेटला हात लावून कपाळाला लावला आणि उभी राहिले. जाळ्यापलीकडून शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे काय केलंस?"

"पाय लागला. माफी मागितली."

"रॅकेटची?"

"हो. आमच्यात मागतात."

बाई हसता हसता कोर्टावर फतकल मारून बसल्या. "अगं, मी आजवर इतक्या रॅकेटी आपटून मोडल्यात, तुमचा देव मला दारातसुद्धा उभी करायचा नाही!"

ही लुपे. एके काळची मेक्सिकोची महिला विजेती. हे तिनं सांगितलं नाही, मला तुकड्यातुकड्यांनी कळलं... कधी गाडीत, कधी माझ्या स्वयंपाकघरात पोळी भाजताना. ("तोर्तियाच आहे ही," ती म्हणायची, "फक्त गर्वानं फुगलीय.") वडील ग्वादलाहाराच्या एका बड्या क्लबात लाल मातीच्या कोर्टावर रोलर फिरवायचे. मेंबर लोक येण्याआधी, पहाटे, ही भिंतीवर चेंडू मारायची. पुढे त्याच मेंबरांच्या मुलींना हरवून ती देशाची चॅम्पियन झाली, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा झाली. बाजारात भाजीवाल्या तिला टोमॅटो निवडून द्यायच्या. मग मोठं खेळायचं म्हणून सीमा ओलांडून इकडे आली, आणि इकडे तिला कोणी ओळखेना. बसचा प्रवास, स्वस्तातली मोटेल, बेसिनमध्ये धुतलेले आणि दिव्यावर वाळवलेले मोजे, पात्रता फेरी, पहिली फेरी, परत बस. एकदा एका नावाजलेल्या खेळाडूला तिनं हरवलं, त्या संध्याकाळी सगळे तिच्या भोवती. "दुसऱ्या दिवशी दुपारी मी हरले," ती म्हणाली, "आणि रात्री मोटेलवाल्यानं माझ्या नावाचं स्पेलिंग विचारलं." हरली की ती रॅकेट मोडायची. मग त्या रागाच्या भरात पुढच्या गावची बस धरायची. गुडघा गेला तेव्हा आमच्या गावात थांबली आणि माझ्यासारख्या नगांना शिकवू लागली.

पण थांबली म्हणजे कुठे... एका उन्हाळ्यात डेट्रॉइटजवळ बायकांची स्पर्धा होती. पात्रता फेरीत हिनं नाव घातलं. डॉक्टर नको म्हणाले होते. मी शहाणपणानं म्हटलं, "लुपे, या वयात जिंकून काय करायचंय?"

ती बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसली होती. "जिंकायचं नाहीये गं. थांबायचंय. फार दमलेय मी, कोमाद्रे. पण हरले की राग येतो आणि राग आला की मी पुन्हा नाव घालते. एकदा तरी राग न येता घरी यायचंय."

तसल्या गुडघ्यावर खेळून परत ड्राइव्ह करणं तिला जमलं नसतं, म्हणून मी न्यायचं ठरवलं. हे म्हणाले, "अगं, तू फ्रीवेवर? लेन चेंज करताना तू डोळे मिटतेस!"

"एकच मिटते," मी म्हटलं आणि तिखटमिठाच्या पुऱ्या तळायला घेतल्या.

समोर दोन वेण्यांची कोवळी पोरगी. प्रेक्षक म्हणजे त्या पोरीची आई, मी आणि पुऱ्यांचा डबा. पहिला सेट लुपेनं घेतला. धावणं जमत नव्हतंच, पण चेंडू जाळ्यापलीकडे असा अलगद ठेवायची, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं. दुसरा गेला. तिसऱ्यात ती पाय ओढत होती आणि तरी बरोबरीनं चालली होती. शेवटच्या पॉइंटला ती चेंडूपर्यंत पोचलीसुद्धा. पण चेंडू जाळ्याच्या पट्टीवर आपटला, क्षणभर विचारात पडला आणि तिच्याच बाजूला पडला. तिनं रॅकेट डोक्यावर उचलली. मी डोळे मिटले, या वेळी दोन्ही.

आवाज आला नाही.

बघितलं तर तिचा हात हळूहळू खाली येत होता. मूठ सैल झाली, रॅकेट गळून पडली. हात मिळवायला ती जाळ्याकडे वळली, तर बुटाचं टोक रॅकेटला लागलं. लुपे थबकली. मग दुखरा पाय ताठ बाजूला काढून ती वाकली, रॅकेटला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. अंपायरला वाटलं, बाईंना काही लागलं. तो बर्फ आणायला धावला. ती मात्र माझ्याकडे बघून ओरडली, "तुझ्यामुळे! आता मेली मोडवतसुद्धा नाही!"

गाडीत तिनं पुऱ्या संपवल्या आणि झोपली. मी नेहमीप्रमाणे एक्झिट चुकले. भूगोलाची एम.ए. बाई थेट शेजारच्या राज्यात, ओहायोच्या दिशेनं निघाली. चूक कळली, पण तिला उठवलं नाही. बरंच पुढे जाऊन वळले. तिला इतकं निवांत झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यानंतर तिनं कुठेही नाव घातलं नाही. कितीतरी वर्षं पोरांना शिकवत राहिली, म्हातारपणी रोसाकडे गेली. दिवाळीला फोन करायची, "फुगवल्यास का तुझ्या तोर्तिया?"

परवा रोसाचं पार्सल आलं. तीच रॅकेट, लाकडी, मुठीवरची पट्टी घामानं काळी पडलेली. नात म्हणाली, "आजी, पुट इट ऑन द वॉल, इट्स लाइक अ ट्रॉफी." लेक म्हणाली, "आई, निदान कपाटात तरी ठेव. तिथे अडखळून पडशील." मी ती स्वयंपाकघराच्या दाराशी टेकवून ठेवलीय, बरोबर वाटेत. मुद्दाम. माझेही दोन्ही गुडघे आता बदललेले आहेत. ओट्याला धरून वाकायचं म्हणजे मोठा सोहळाच असतो. सकाळी चहा ठेवायच्या घाईत पाय लागतो.

मग थांबावं लागतं.