भिंगवाल्यांना न दिसलेली डिस्क

पाणीखात्यात मी भिंगवाल्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. शर्टाच्या खिशात कायम भिंग. पाण्याच्या मीटरचं सील त्यातून बघायचे आणि तार एकदाच पिळलीय की दोनदा, ते ठामपणे सांगायचे. लोकांनी त्यांना फसवायला काय काय केलं! कुणी मीटरला लोहचुंबक लावलं, कुणी मीटर उलटं बसवलं, कुणी भिंतीतून चोरून पाइप नेला. बत्तीस वर्षं हेच बघितलेल्या माणसाचा जगावर विश्वास कसा बसणार? निवृत्त झाले तरी घरी आलेलं प्रत्येक पाकीट ते आधी उजेडात धरून बघायचे.

गेल्या वर्षी त्यांनी लॅपटॉप घेतला. नोकरीतल्या डायऱ्या टाइप करून काढायच्या होत्या. पण त्यासोबत आलेल्या सिस्टिमनं पहिल्याच दिवशी त्यांचा ठावठिकाणा विचारला आणि वर आवाज ऐकायची परवानगी मागितली.

"याला माझा आवाज कशाला हवाय?" म्हणत त्यांनी झाकण मिटलं.

मग वाचनालयात एक पुस्तिका हाती लागली, लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम कशी बसवायची याची. सिस्टिम फुकट, हे वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. पण आतलं सगळं कुणालाही तपासता येतं, हे वाचल्यावर कळी खुलली. पुस्तिकेबरहुकूम त्यांनी फाइल उतरवली. ती वाटेत बदलली नाही याची खूण म्हणून चौसष्ट अक्षरांची एक ओळ जुळवायची होती. यांनी ती कागदावर उतरवून घेतली आणि भिंगाखाली अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. दोनदा. पेनड्राइव्ह तयार झाला, लिनक्स सुरूही झालं. भाषा विचारली, कीबोर्ड विचारला आणि कोणत्या डिस्कवर बसवू, या पायरीवर अडलं. यादीत एकटा पेनड्राइव्हच. लॅपटॉपच्या डिस्कचा पत्ता नाही.

"दुकानवाल्या बाईनं डिस्क काढून घेतली," त्यांनी जाहीर केलं.

"अहो, मग सकाळी तो सुरू कसा झाला?" बायकोनं विचारलं.

"तेच तर! कुठंतरी पाणी मुरतंय."

पेनड्राइव्ह पुन्हा तयार केला, दुसऱ्या खाचेत लावून पाहिला. तीनदा तेच. चौथ्या दिवशी लॅपटॉप बगलेत मारून ते दुकानात गेले. बाईनं खालचं झाकण उघडलं. डिस्क जागच्या जागी होती, बोटाएवढी चपटी पट्टी. पण एका स्क्रूवर ओरखडा होता.

"हा आधी कुणी उघडला?"

"आम्हीच. मेमरी वाढवून द्या, असा फोन तुम्हीच केला होता ना? बिलावर लिहिलंय बघा."

बिलावर लिहिलं होतं. "असेल," ते म्हणाले. त्यांचं असेल म्हणजे नसेल, हे आम्हा हाताखालच्यांना चांगलं ठाऊक होतं.

बाईनं बटण दाबलं. जुनी सिस्टिम झटक्यात सुरू झाली. "आमच्याकडून धडधाकट निघालाय. घरी कुणी सेटिंगला हात लावला का, ते विचारा." ती सहज बोलून गेली, पण यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

घरात तिघंच. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मंगळवारी दुपारी ते अचानक खोलीत शिरले, तेव्हा तिनं लॅपटॉपचं झाकण पटकन मिटलं होतं. त्यांच्या मनात तेव्हाच नोंद झाली होती.

दुकानातून आल्यावर त्यांनी लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप घातलं. संध्याकाळी सून जेवायला बसली, तसा त्यांनी विषय काढला.

"मंगळवारी लॅपटॉपवर काय करत होतीस?"

"थोडं काम होतं, बाबा."

"काय काम?"

तिनं हातातला घास खाली ठेवला. "तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी विचारतोय फक्त."

"तुमचं विचारणं मला माहीत आहे." ती उठली, हात धुतले आणि आतून एक कागद आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. डोळे तपासायच्या अभ्यासक्रमाचा प्रवेश अर्ज. "जागा वीसच आहेत. मिळाली असती तर सांगणारच होते. नाही मिळाली तर कुणाला कळायला नको होतं. आता कळलं."

ती खोलीत निघून गेली. सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "झालं समाधान?"

पुढं एकदा ते मला म्हणाले, "नोकरीत संशय खोटा ठरला की मी माफ करा म्हणून पुढच्या दारात जायचो. इथं पुढचं दारच नव्हतं रे."

सकाळी त्यांनी कुलूप काढलं, लॅपटॉप टेबलावर मांडला आणि त्याच्यापुढं नुसते बसून राहिले. सुनेला सुट्टी होती. ती दोनदा तिथून गेली. तिसऱ्यांदा थांबली.

"बाबा, समजा घरात पाणी येतंय, पण मीटर फिरत नाही. तुम्ही आधी काय बघायचात?"

"मीटरला वळसा घालून पाइप नेलाय का, ते."

"डिस्क आहे. जुन्या सिस्टिमला दिसते, लिनक्सला दिसत नाही. मग इथंही मध्ये काही वळसा असेल."

दोघांनी पुस्तिका पुन्हा उलगडली. मागची पानं त्यांनी जाहिराती समजून सोडली होती. तिथंच बारीक अक्षरात टीप होती: काही नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा कारभार रेड नावाच्या पद्धतीनं चालतो, लिनक्सला तिच्यापलीकडचं दिसत नाही. लॅपटॉप सुरू होतानाच सेटिंगमध्ये शिरून एएचसीआय ही साधी पद्धत निवडावी. मात्र मग जुनी सिस्टिम चालू होणार नाही.

"म्हणजे कुणी काही केलंच नव्हतं," ते पुटपुटले. "कारखान्यातूनच तसं आलं होतं." मग बटणाकडे नेलेला हात त्यांनी मागं घेतला. "लिनक्स बसवलं की जुनं सगळं पुसलं जाईल. तुझा अर्ज?"

"तो त्याच दिवशी पाठवला. करा तुम्ही."

सेटिंग बदललं. पेनड्राइव्ह लावला. भाषा, कीबोर्ड आणि मग यादी. पेनड्राइव्हच्या वर डिस्क उभी होती, तिच्या पुऱ्या मापानिशी.

"आली," ते हळूच म्हणाले.

पाऊण तासात लिनक्स बसलं. त्यांनी स्वतःचं खातं केलं, मग पुस्तिकेत बघून दुसरं.

"हे तुझं. अभ्यासाला लागेल. काल मी चुकलो."

"आधी प्रवेश तर मिळू दे!"

"मिळेल. पासवर्ड टाक."

तिनं बोटं कीबोर्डवर ठेवली आणि त्यांच्याकडे बघितलं. ते उठले, खिडकीशी गेले आणि टकटक थांबेपर्यंत तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

प्रवेश तिला दुसऱ्या यादीत मिळाला. मला फोन त्यांनीच केला. यादी खरी आहे ना, हे विचारायला ते स्वतः कॉलेजात जाऊन आले होते. "तेवढं मात्र तिला सांगू नकोस," म्हणाले.