नाव नको, नंबर लिहा

एकाच कामासाठी वर्षानुवर्षं कचेरीच्या पायऱ्या चढल्या की फाईल जाड होते आणि किस्से त्याहून जाड! आमच्या घरी दोन्ही आहेत.

बाबा फौजेत नाईक होते. बर्फातल्या चौकीवर त्यांना पहिली फिट आली. डॉक्टरांच्या बोर्डानं घरी पाठवताना लिहिलं, ‘आजार सेवेमुळे झालेला नाही, आनुवंशिक आहे.’ त्या ओळीपायी अपंगत्वाचं पेन्शन नाकारलं. बाबा गेले, दावा मायनं पुढे चालवला. मायला ती ओळच खोडायची होती.

*

नंदुरबारच्या कचेरीत क्लार्कनं विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सोबतचं कुणीतरी सांगतं. सोबत मी होते, पण अनोळखी माणसासमोर माझा आवाजच फुटत नाही. मायनं बाबांचा फौजेतला नंबर घडाघडा म्हटला.

“बाई, नाव विचारलं, नंबर नाही!”

“फौजमा त्यास्नं हाईच नाव शे. लिखा!”

*

एक साहेब म्हणाले, “आनुवंशिक म्हणजे तुमच्या सासरी कुणाला तरी फिट येतच असणार.”

पुढच्या खेपेला माय विसरवाडीहून एसटीत बसवून आजोबांनाच घेऊन आली! दोन जिने चढवून साहेबांपुढे उभं केलं. “हाऊ त्यास्ना बाप शे. यालेच इचारा.”

साहेब गडबडले. “बाबा, तुम्हाला फिट येते का?”

“माले?” आजोबांनी काठी आपटली. “माले फक्त राग येस!”

*

काका एकदा समजवायला आले. माय मिरच्यांचे देठ खुडत होती.

“सोडी दे ना, वहिनी. सरकारसंगे भांडीसन काय भेटी?”

मायनं मान वर केली नाही. “त्या बर्फमा उभा व्हतात, तवय त्यास्ले सांगं व्हतं का, सोडी द्या?”

काका चहा न घेता गेले.

*

मग प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हा फौजेकडून बाबांचे वैद्यकीय कागद आले. आमच्या वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. “यात तर भरतीआधीपासून आजार होता, असं लिहिलंय!”

कागद इंग्रजीत. मायनं फक्त आकड्यांवरून बोट फिरवलं.

“हाऊ मन्हा नवरा नही शे.”

“अहो, नाव तर तेच आहे!”

“नाव ऱ्हाऊ द्या. नंबर आपला नही!”

खरंच, त्याच नावाच्या दुसऱ्या जवानाचे कागद होते. बाबांचे आले, त्यात भरतीच्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘पूर्ण निरोगी’.

*

ती ओळ खोडली गेली, निकाल आमच्या बाजूनं लागला, हे आधीच सांगते. पण मुंबईच्या शेवटच्या सुनावणीचा किस्सा माय स्वतः कधी सांगत नाही. लाजते.

समोरचे वकील तासभर बोलत होते. “सदर व्यक्तीचा आजार… सदर व्यक्तीची प्रकृती… सदर व्यक्ती…”

माय उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. मला वाटलं, आता नंबर.

“सदर व्यक्ती नही!” अख्खी खोली वळून बघायला लागली. “नाईक भटू दौलत पाटील!”

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. “वकीलसाहेब, यापुढे नाव घेऊन बोला.”