चावी पीराच्या कोनाड्यात

जुन्या अकोल्यातल्या पार्वताबाईची एक खूण सांगून ठेवतो. ती ओरडून राहिली असली की समजावं, सारं ठीक आहे. शेजारच्या सुनांची उणीदुणीही ती मायेनं, पण ओरडूनच काढते. ती गप्प झाली, की मात्र गल्लीतली कुत्रीही वाट बदलतात.

त्या रविवारी ती गप्प झाली.

नातू नितेश बाहेरगावची मंडळी घेऊन जुन्या शहरातली देवस्थानं दाखवत होता. जैन मंदिर झालं, चर्च झालं. उरला पीरबाबाचा दर्गा, अन् शेवटी देवीचं देऊळ. देऊळ पार्वताबाईच्या घराण्याकडं, कुलपाची चावी तिच्या कमरेला. दर्ग्याच्या ताहेर मुजावराला तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं, "पाहुणे येऊन राहिले, सरबत कर." बिचाऱ्यानं अंगण धुतलं, पेले मागून आणले.

अन् गल्लीच्या तोंडाशी नितेश म्हणतो, "इथं नको. थेट देवळात चला."

"काहून रे?"

"कोनी फोटो टाकते, आजी. मंग लोकं बोलतात."

"कोनते लोकं?"

नितेश चपलेकडं पाहत राहिला. ताहेरला दिलेला शब्द या पोरानं चपलेखाली घातला होता! म्हातारीच्या तोंडातून मात्र अक्षर नाही. ती एकटीच गल्लीत वळली.

तिच्या घरचे सारे गावाला गेले, की देवळाची चावी दर्ग्याच्या कोनाड्यात राहायची. गुरवानं तिथून घ्यावी, दिवा लावावा, परत ठेवावी. सासऱ्याच्या आधीपासूनची रीत. म्हातारीनं चावी कोनाड्यात ठेवली अन् ताहेरशेजारी बसली.

देवळाला कुलूप पाहून नितेश धावत आला. मागून घामाघूम पाहुणे. सरबत दिसताच ते न विचारता आत शिरले.

"आजी, चावी!"

"तुमी गावाले गेल्यासारखे वागता, तवा जिथं अस्ते तिथं हाये."

ताहेरनं नितेशपुढंही पेला धरला. "घे बेटा."

"त्याले नको देऊ, ताहेर. त्याच्यापाशी लोकं हायेत," म्हणत म्हातारीनं तो पेला स्वतःच रिकामा केला. "साखर जास्त झाली तुयी."

नितेशचा हात कोनाड्याकडं गेला. तिनं तो फटकन झटकला.

"उचलाची नाही. माग."

"ताहेरचाचा, चावी..." पोरगं पुटपुटलं.

आता कुठं म्हातारी ओरडली. "मोठ्यानं! तुया लोकांले आयकू गेलं पायजे!"