कशेडीत गार वारा सोडणारी सीट

मंडळी, सेकंडहँड स्पोर्ट्स कारमध्ये गार वारा सोडणारी सीट हवीच कशाला, म्हणून परवा तुम्ही मला वेड्यात काढलंत. आजचं ऐका.

अब्बांना शेजारी बसवून महाडहून ट्रायलला निघालो. अब्बांचा उभा जन्म ट्रक चालवण्यात गेला. पोलादपूर मागं पडलं, कशेडी घाट लागला, तसे ते सवयीनं पुढं वाकले. घामानं चिकटलेल्या पाठीला वारा लागावा म्हणून ट्रकमध्येही ते असेच वाकायचे.

मी बटण दाबलं. “अब्बा, टेकून बसा ना.”

ते बिचकतच टेकले. “पाठीमागं खिडकी हाय काय रे?”

दरीत ऊन तरंगत होतं, वळणं स्वप्नातल्यासारखी येत होती.

ज्या घाटात त्यांनी कधी पापणी मिटली नाही, तिथं आज अब्बा घोरत होते.

आता बोला, घेऊ का नको?