ताटात मैदा कोण घालतंय?

बाइंडिंगच्या दुकानात तिला सगळे काडी म्हणायचे. आधी गंमत म्हणून, मग वजन खरंच उतरायला लागलं तेव्हा कुणी म्हणेनासं झालं आणि तिला तेच जास्त लागलं. पोटात कळा, तोंडात फोड, जिना चढला की धाप. चार डॉक्टर झाले, पाचव्याने नाव सांगितलं, सिलिअ‍ॅक. गहू बंद, मैदा बंद, ब्रेड बिस्कीट सगळं बंद, कायमचं.

तिने बंद केलं. मनापासून. आठ महिने. आणि दुखणं किती आहे ते दाखवणारा रक्तातला आकडा जागचा हलेना.

मग घरातच कुणीतरी गडबड करतंय, दुसरं काय? घरात माणसं तीन. ती, दादा आणि स्वयंपाक करणारी वहिनी. दादाला तर चहासुद्धा करता येत नाही. उरलं कोण?

तिने काही बोलायच्या आधी बघायला सुरुवात केली. वहिनी कणकेचे हात धुते की नुसते पुसते. आमटी दाट का दिसतेय. ब्रेडची सुरी कुठे ठेवली. डब्याला कुणी हात लावतं का ते कळावं म्हणून तांदळाच्या डब्यावर तिने पेन्सिलने खूण केली, तर दुसऱ्या दिवशी वहिनीने डबा घासून लख्ख केला होता. हेही तिला साधं वाटेना.

नवा रिपोर्ट आला त्या दिवशी तो हातात धरूनच ती ओट्यापाशी गेली.

"वहिनी, खरं सांग. माझ्या ताटात काय जातं?"

"अगं, तू बघतेस ना डोळे फाडून रोज? तेच जातं."

"मग हे कसं?"

"मी चोरून मैदा पेरते वाटतं तुझ्या ताटात?" वहिनीने गॅस बंद केला. "उद्यापासून तुझं तू कर, बाई. तुझी चूल, तुझी भांडी. माझ्या डोक्याला ताप नको."

दादा पेपरातून म्हणाला, "दोघी जरा..." आणि दोघींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा पेपरात गेला.

सहा आठवडे तिने स्वतःचं स्वतः केलं. नवं पातेलं, नवा चमचा, भात आणि उकडलेल्या भाज्या. वहिनी कामापुरतं बोलायची. आणि आकडा? उलट थोडा वर.

आता संशय घ्यायला घरात कुणी उरलंच नव्हतं. मग लॅबवर घेतला, मिठावर घेतला, औषधाच्या गोळ्यांवर घेतला. शेवटी आहार सांगणाऱ्या बाईंसमोर फाइल घेऊन बसली आणि तावातावाने रिपोर्ट दाखवायला लागली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आत्ता काय केलंत?"

"काय केलं? पान उलटलं."

"अंगठा जिभेला लावलात."

"सवय आहे हो. दिवसभर कागद मोजायचे, कोरड्या बोटाला सुटत नाहीत."

"आणि नखाजवळ हे पांढरं काय सुकलंय?"

"खळ. पुठ्ठे चिकटवायची."

"कशाची करता?"

"मैद्या..." तिने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. रोज सकाळी दुकानात ती खळ शिजवायची तीच. अकरा वर्षं. ढवळायची ती, चिकटवायची ती, मोजताना शंभरदा चाटायचीही तीच.

"हेच असेल असं नाही," बाई म्हणाल्या, "पण खळ थांबवा, बोट थांबवा. तीन महिन्यांनी बघू."

दुकानात मालकाने कुरकुरत गोंद आणला, मोजायला ओला स्पंज दिला. ते सोपं होतं. घरी जाणं अवघड होतं.

वहिनी भाजी चिरत होती. काडीने सगळं सांगितलं, बोट दाखवून. वहिनी हसेल असं तिला वाटलं होतं. ती हसली नाही.

"सहा आठवडे शेजारणीला तोंड दाखवायची लाज वाटत होती मला," ती म्हणाली. "नणंदेला विष घालते म्हणून."

"मी शेजारी बोलले नाही गं."

"भिंती केवढ्याशा जाड आहेत आपल्या?"

"चुकले वहिनी. आजपासून तूच वाढ मला."

"आणि उद्या परत पोट दुखलं तर?"

काडीने ताट पुढे केलं. वहिनीने ताट घेतलं, भाताच्या पातेल्यात चमचा घातला. काडीची नजर आपोआप चमच्यावर गेली, तो धुतलेला होता का ते बघायला. वहिनीने तिला बघताना पकडलं.

"बघ," ती म्हणाली आणि चमचा तिच्या नाकासमोर धरला. "नीट बघून घे. मग जेव."

काडीने खरंच बघितला. मग जेवायला बसली.