सालईखेडा, नऊ मिनिटं

आष्टी तालुक्याच्या उत्तर टोकाला बोरगव्हाण आणि सालईखेडा ही गावं समोरासमोर आहेत. मध्ये धरणाचं पाणी. रूपराव बोरगव्हाणचा. भाजीपाला पिकवून तळेगावच्या बाजारात विकतो. त्याची थोरली बहीण रुख्माबाई सालईखेड्याला दिलेली. धरणाआधी तो नदीतून चालत तिच्याकडे जायचा, कधी नुसता चहाला. पाणी भरलं आणि तिच्याकडे जायला दोन एसट्या बदलून अर्धा दिवस लागायला लागला. पुलासाठी त्यानं तालुक्याच्या कचेरीत कितीतरी चकरा मारल्या.

गेल्या वर्षी पुलाऐवजी ड्रोन आला. एका संस्थेनं बोरगव्हाणच्या आरोग्य उपकेंद्रातून पलीकडे औषधं पाठवणं सुरू केलं. हवेतून अंतर सात किलोमीटर, वेळ नऊ मिनिटं. उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले, "आता दोन्ही गावं जवळ आली." त्यानंतर रूपरावनं पुलाचं विचारलं, तर कचेरीतले लोक हसायचे.

एप्रिलमधल्या एका सकाळी भाचीचा, आचलचा फोन आला.

"मामा, माय गेली. ऊन लई हाय, लोकं थांबाले तयार नाईत. लवकर या."

बहिणीच्या अंगावर शेवटचं लुगडं भावाचं पडतं. रूपरावच्या बायकोनं, छायानं, दुकान उघडायला लावून लाल काठाचं लुगडं आणलं. ते घेऊन रूपराव थेट उपकेंद्रात गेला. ड्रोन चालवणारा अश्विन देवळीचा, रोजच्या ओळखीचा.

"बाप्पा, एवढं पोचवून दे. मी येतोच मागून."

"काका, यातून फक्त औषधं नेता येतात."

"आता काय चाललं त्यात?"

"खोकल्याचं औषध."

"मंग त्याच्यासंगच ठेव ना. कितीक वजन हाय याचं?"

"वजनाचं नाई, काका. परवानगी लागते."

तरी अश्विननं वरच्या साहेबांना फोन लावला. बोलणं लवकर संपलं. तो रूपरावकडे न बघता म्हणाला, "माही नोकरी जाईन."

रूपराव फाट्यावर एसटीची वाट बघत उभा असताना ड्रोन त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेला. तळेगावला पुढची गाडी उशिरा लागली. तो सालईखेड्याला पोचला तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती.

"लई वाट पाह्यली, मामा," आचल म्हणाली. "शेवटी घरातलंच एक टाकलं मायच्या अंगावर."

रूपराव ओसरीवर बसला. कुणीतरी पाणी दिलं, ते तसंच राहिलं. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर त्यानं लुगडं आचलपुढे धरलं. तिनं मान हलवली.

"ते मायचं होतं. मी कशी नेसू?"

घरी आल्यावर छायानं पिशवी उघडून बघितली.

"काऊन परत आनलं जी?"

"द्याले कोनी नव्हतं," असं म्हणून तो मिरच्यांना पाणी द्यायला वावरात निघून गेला.